दर्ग्यामागची चक्की

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीबद्दल एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. ती जागा मुळात एका सूफी बुजुर्गांची खानकाह. तिथे त्यांची मजार आहे, मशीद आहे, मोठा हौद आहे, मुसाफिरांसाठी बांधलेल्या खोल्या आहेत. नकाशा काढला तर पीठ दळायची चक्की ही या सगळ्या पसाऱ्यातली एका कोपऱ्यातली छोटी जोडइमारत ठरेल. तरीही कित्येक पिढ्या लोक त्या अख्ख्या जागेला चक्कीच्याच नावाने ओळखत आले आहेत. रिक्षावाल्याला ‘बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा’ म्हणून सांगा, तो विचारात पडेल. ‘पाणचक्की’ म्हणा, लगेच भाडं सांगेल.

इतर ठिकाणी याच्या उलट असतं. मुख्य इमारत नाव घेऊन जाते आणि स्वयंपाकघर, विहीर, सराई, तबेला या सगळ्या गोष्टी ‘व इतर’मध्ये जातात. इथे मात्र लोकांनी ती जागा कोणाची आहे हे न बघता ती काय करते हे बघितलं आणि त्यावरून नाव ठेवलं. आपण मुस्लीम तरुण आपल्या वारशाबद्दल जे बोलतो, लिहितो, मोबाईलवर फिरवतो, त्यात हीच बाजू सगळ्यांत कमी असते. आपल्याला घुमट दिसतात, चक्की दिसत नाही. वक्फवरून देशभर वादळ उठलेलं असताना मला हे फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे, नक्शबंदी सिलसिल्याचे. त्यांचे पीर बाबा शाह पलंगपोश. पलंगपोश हे गाझिउद्दीन खान फिरोजजंग या मोगल सरदाराच्या फौजेबरोबर दख्खनमध्ये फिरत असत. मुसाफिर मात्र, नावाने ‘प्रवासी’ असूनही, औरंगाबादला खाम नदीच्या काठी तकिया बांधून बसले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. १७१५च्या सुमारास त्यांचं निधन झालं. त्यांच्यानंतर शाह महमूद यांनी साडेचार दशकांहून अधिक काळ, १७६२पर्यंत, ही खानकाह चालवली. दोन्ही बुजुर्गांच्या आठवणींचा फारसी ग्रंथ ‘मलफूजात-ए-नक्शबंदिया’ शाह महमूद यांनीच तयार केला. सायमन डिग्बी या अभ्यासकाने केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००१मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या शहराच्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या रोजच्या जगण्याबद्दल इतकं जवळून सांगणारं दुसरं पुस्तक सहज मिळणार नाही.

चक्की कधी बांधली यावर मात्र जितकी पुस्तकं तितकी मतं. कुठे १६९५ लिहिलेलं आढळतं, कुठे १७४४. बांधणारा म्हणून तुर्कताज खान या सरदाराचं नाव येतं आणि तो ‘निजाम-उल-मुल्क आसफजाह यांच्या पदरी’ होता असंही त्याच वाक्यात असतं. आता हे जरा ताडून बघा. निजाम-उल-मुल्कचा जन्म १६७१चा. १६९५मध्ये तो औरंगजेबाच्या फौजेतला चोवीस वर्षांचा तरुण सरदार होता. दख्खनची सुभेदारी त्याला पहिल्यांदा मिळाली १७१३मध्ये, आणि ‘आसफजाह’ हा किताब १७२५मध्ये. तेव्हा १६९५ सालच्या बांधकामाला ‘आसफजाहचा सरदार’ जोडला की दोनांपैकी एक गोष्ट चुकते. माझा कौल असा की सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे तकिया उभा राहिला, आणि नहर, हौद, चक्की हा पाण्याचा सगळा कारभार त्यावर थरांनी चढत गेला, मुख्यतः शाह महमूद यांच्या काळात. कारंजांचा लांबट हौद जमील बेग खान या दुसऱ्याच माणसाच्या नावावर सांगितला जातो, तेही या थरांच्या हिशेबात बसतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला यात काही नवल वाटत नाही. चालू असलेली कुठलीही व्यवस्था एका तारखेला ‘पूर्ण’ होत नसते. तिच्यावर एकच सन कोरून पाटी लावणं ही पर्यटनाची गरज असते.

आता पाण्याकडे येऊ. इथेच खरी मौज आहे.

पाणी येतं शहराच्या उत्तरेकडून, हर्सूलच्या बाजूने. वाटेत चढ-उतार आहेत. उघडा कालवा काढला असता तर प्रत्येक खोलगट जागेपाशी तो अडला असता, शिवाय पाणी घाण झालं असतं आणि आटलंही असतं. म्हणून जमिनीखालून भाजलेल्या मातीचे नळ टाकले, सांधे चुन्याने पक्के केले. बंद नळातलं पाणी ज्या उंचीवरून निघतं जवळजवळ त्या उंचीपर्यंत पुन्हा चढतं, हे शाळेत आपण सगळे शिकलो आहोत. पण काही किलोमीटर लांबीच्या मातीच्या नळातून हे करून दाखवणं वेगळं. नळात हवा अडकली की पाणी थांबतं. दाब फार वाढला की मातीचा नळ फुटतो. यावर उपाय म्हणून वाटेत ठरावीक जागी उंच दगडी मनोरे बांधले. आपल्याकडे त्यांना ‘बंब’ म्हणतात. पाणी बंबात वर चढतं, अडकलेली हवा बाहेर टाकतं, गाळ खाली सोडतं, दाब मोकळा करतं आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरून पुढे जातं. पंप नाही, वीज नाही, व्हॉल्व्ह नाही. सगळा हिशेब उंचीचा.

शेवटी खानकाहच्या आवारात हे पाणी एका उंच भिंतीवरून हौदात कोसळतं. पर्यटक तिथे फोटो काढतात आणि निघतात. खरं बघायचं ते हौदाच्या खाली आहे. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत. जाडजूड खांबांवर एक मोठं दालन उभं आहे आणि त्याच्या डोक्यावर शेकडो टन पाणी आहे. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन, हे लक्षात घेतलं की त्या खांबांच्या जाडीचा अर्थ कळतो. मे महिन्यात मराठवाड्यात छत तापून घराची भट्टी होते. इथे छतावरच पाणी, त्यामुळे खालचं दालन थंड. वरून वाहून गेलेलं जादा पाणी शेजारच्या खाम नदीत. म्हणजे एकाच पाण्याने वजू केला, हौद भरला, कारंजी उडवली, माणसं गार ठेवली आणि जाता जाता पीठही दळलं.

चक्कीचं यंत्र साधं आहे. आडवं चाक, त्याला पाती. उंचावरून आलेल्या पाण्याची धार पात्यांवर बसते, चाक फिरतं, त्याच्या मधोमध उभा असलेला लोखंडी दांडा खालच्या तळीच्या भोकातून वर येतो आणि जात्याची वरची तळी फिरवतो. दातेरी चाकं नाहीत, पट्टे नाहीत, बिघडायला फारसं काही नाहीच. हिमालयात ‘घराट’ म्हणतात त्या चक्क्या याच जातीच्या, आणि अफगाणिस्तान, मध्य आशियातही अशा आडव्या चाकाच्या चक्क्या शतकानुशतकं चालत आल्या. बुखाऱ्याकडून आलेल्या फकिरांना ही वस्तू अनोळखी नसणार.

किती काम होत असेल? मोजमापासाठी नव्हे, नुसता अंदाज यावा म्हणून एक गणित मांडतो. सेकंदाला दहा लिटर पाणी पाच मीटर खाली पडलं तर त्यातून सुमारे ४९० वॅट शक्ती मिळते. निम्मी वाया गेली तरी २४५ वॅट उरतात. धडधाकट माणूस तासन् तास हाताने काम करत राहिला तर साधारण ७५ वॅट देतो. म्हणजे तीन माणसं न थकता, न जेवता, रात्रंदिवस दळत बसली आहेत असं समजा.

‘माणसं’ म्हणालो खरा, पण दळण कोण करत होतं हे आपल्याला ठाऊक आहे. डिझेलच्या, मग विजेच्या गिरण्या गावोगाव पोचेपर्यंत दळण म्हणजे बाईचं काम. पहाटे उठून, अंधारात, जात्याच्या खुंट्याला धरून. मराठी मुलखात या कामातून ओवी जन्माला आली याचं आपण कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. मात्र माझी नानी म्हणायची की गिरणी आली त्या दिवशी तिने जातं भिंतीशी उभं करून ठेवलं आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. गाणी आठवतात, जातं आठवायची इच्छा नाही, असं ती म्हणायची. हिंदू घर असो की मुसलमान, या बाबतीत काही फरक नव्हता. म्हणून खानकाहच्या लंगरासाठी दळण माणसाच्या मनगटावरून काढून पाण्यावर टाकण्याचा निर्णय मला त्या आवारातला सर्वांत मोठा निर्णय वाटतो. तो बाईच्या सोयीसाठी घेतला असा माझा दावा नाही. फकिरांच्या वस्तीत रोज शेकड्याने माणसं जेवायची असतील तर कोणीतरी व्यावहारिक डोक्याने विचार केला असेल, इतकंच. पण इबादतीच्या जागेला चक्की जोडावी, त्यासाठी काही किलोमीटर नळ टाकावेत, आणि त्यात आपल्या दीनदारीला काही कमीपणा येतो असं कोणाला वाटू नये, ही वृत्ती आज आपल्यात किती उरली आहे?

इथे सुवर्णयुगाच्या गप्पांना आवर घातला पाहिजे, नाहीतर हा लेख व्हॉट्सअॅपवरच्या ‘हमारा माज़ी’छाप मजकुरासारखा व्हायचा. ही चक्की फक्त फकीर आणि मुसाफिरांसाठी दळत नव्हती, शहरातल्या शिबंदीसाठीही दळत होती. पलंगपोश ज्या फौजेबरोबर हिंडत होते, ती औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेतली फौज होती. त्या मोहिमेने इथल्या रयतेचे काय हाल केले हे मराठवाड्याच्या मुसलमान शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको, त्याचेही पूर्वज त्याच रयतेत होते. नहर आणि हौदाला पैसा दिला तो सरदारांनी, आणि सरदारांकडे तो आला शेतसाऱ्यातून. म्हणजे ज्याच्या घामाच्या पैशातून नळ टाकले गेले तो कुणबी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, या वास्तूचा तितकाच मालक आहे. ‘आम्ही बांधलं’ म्हणताना ‘आम्ही’ कोण, हे एकदा नीट ठरवायला हवं.

जवळच बीबी का मकबरा आहे. त्याच्या दरवाजावर दोन नावं कोरलेली आहेत: रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. एक मुसलमान, एक हिंदू, दोघं एकाच पितळी पत्र्यावर. हा तपशील मला फार आवडतो आणि शाळेच्या सहलीला नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने मुलांना तो दाखवावा असं वाटतं. पण पाणचक्कीचे नळ कोणी भाजले, सांधे कोणी भरले, बंबांची उंची कोणी काढली, त्यांची नावं कुठेच नाहीत. कुंभार असतील, गवंडी असतील, वडार असतील. पाथरवटाची टाकी लागल्याशिवाय जातं दळत नाही, त्यालाही कोणी होतंच. मजारीवरच्या बुजुर्गाचं नाव राहिलं, पैसे देणाऱ्या सरदारांची राहिली, जोडइमारत उभी करणाऱ्यांची गेली. आपण इतिहास सांगताना तेच पुन्हा करतो.

शहराच्या नावावरून चाललेलं भांडण हे याचंच मोठं रूप. १६१०मध्ये मलिक अंबरने खडकी गाव वसवलं. तो हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा वजीर झालेला माणूस. कोरड्या पठारावर राजधानी करायची तर पाणी आणलं पाहिजे, म्हणून १६१७च्या सुमारास त्याने नहर काढली. तीच नहर-ए-अंबरी. पाणचक्कीची नहर वेगळी, नंतरची, पण घराणं तेच. पुढे खडकीचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आणि २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगर. चार नावं झाली. यातल्या प्रत्येक नावासाठी मोर्चे काढायला, पोस्टर फाडायला, एकमेकांना शिव्या द्यायला तरुण मिळतात. नहरीवर रस्ता खोदला जातो, तिच्या बंबाला टेकून दुकान उभं राहतं, झाडाची मुळं नळात शिरतात, तेव्हा कोणत्याही बाजूचा झेंडा तिथे नसतो. नाव बदललं म्हणून आपली ओळख पुसली गेली असं ज्यांना वाटतं त्यांचं दुःख मी समजू शकतो. पण ज्या शहराचं पाणी चारशे वर्षांपूर्वी एका आफ्रिकी माणसाने आणलं, त्याचा वारसा फक्त पाटीवर असतो का?

आता वक्फ. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय पाणचक्कीच्याच आवारात आहे. राज्यभरातून मुतवल्ली, भाडेकरू, वकील, तक्रारदार कागदाच्या पिशव्या घेऊन तिथे येतात आणि ज्या चक्कीवरून चालत जातात तिच्याकडे बघतही नाहीत. माझा एक मित्र, वक्फच्या आंदोलनात मनापासून पडलेला, मला म्हणाला, “भाई, घर जळतंय आणि तू चक्कीचं काय घेऊन बसलास?” त्याचा राग खोटा नाही. २०२५च्या दुरुस्ती कायद्यातल्या काही तरतुदी मलाही अन्यायाच्या वाटतात. पाच वर्षं इस्लाम पाळल्याचं दाखवल्याशिवाय वक्फ करता येणार नाही, ही अट तर अजब होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५च्या अंतरिम आदेशात तिला स्थगिती दिली. पण त्याच आदेशाने नोंदणीची सक्ती थांबवली नाही. ‘वापरातून वक्फ’ ही कल्पना कायद्यातून पुढच्या काळासाठी गेली आहे. लोक पिढ्यान् पिढ्या वापरत आले, एवढं म्हणणं यापुढे भागणार नाही. कागद लागेल, मोजमाप लागेल, नकाशावरचा ठिकाणा लागेल. ६ जून २०२५ला केंद्राने ‘उमीद’ पोर्टल सुरू केलं आणि माहिती भरायला सहा महिने दिले. त्या सहा महिन्यांत गावोगावच्या मशिदींच्या कमिट्यांची जी धावपळ उडाली ती आपण सगळ्यांनी पाहिली.

आणि त्या धावपळीत काय भरलं गेलं? मी दोन-तीन ठिकाणी अर्ज भरायला मदत केली, म्हणून सांगतो. पहिला सवाल असतो, मशीद की दर्गा की कब्रस्तान. एक खूण केली की कमिटीचं समाधान होतं. मग मी विचारायचो, मागची विहीर? ती गावाची आहे. ती सराई होती ना? हो, पण आता तिथे गोडाऊन आहे. आणि हा जुना बावर्चीखाना? पडलाय, सोडा. ‘सोडा’ हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की शेवटी मी तो वेगळ्या रकान्यात लिहायला लागलो. वक्फच्या जमिनी मुख्य दरवाजातून जात नाहीत, त्या मागच्या बाजूने जातात. मशिदीला हात लावायला कोणी धजत नाही. जाते ती जोडइमारत: आधी नाममात्र भाड्याने, मग कराराविना, मग कोणाला आठवेनाशी. आणि भाड्याने देणारे बहुतेक वेळा आपलेच असतात, हे लिहिल्याबद्दल कोणी रागावणार असेल तर रागावो.

२००६च्या सच्चर समितीच्या अहवालातले आकडे जुने झाले, तरी त्यांचा डंख गेलेला नाही. देशात ४.९ लाखांहून अधिक नोंदलेल्या वक्फ मालमत्ता आणि त्यांचं वर्षाचं उत्पन्न जेमतेम १६३ कोटी रुपये. नीट वापर केला तर दहा टक्के परताव्याच्या हिशेबाने वर्षाला सुमारे १२,००० कोटी मिळू शकतील, असा समितीचा अंदाज होता. या दोन आकड्यांमधली दरी कोणत्याही सरकारने एकट्याने खणलेली नाही. सरकारी कब्जे आहेत, ते अहवालातच आहेत. पण वक्फ म्हणजे जपायची पवित्र जागा आणि तिचं चालणारं काम म्हणजे दुय्यम, ही आपली समजूतही त्यात आहे. फिकहच्या पुस्तकात वक्फचा मूळ अर्थ बघा: मूळ वस्तू रोखून धरायची आणि तिचा लाभ वाहता ठेवायचा. घुमट म्हणजे रोखलेली वस्तू. चक्की म्हणजे वाहता लाभ. दोन्ही मिळून वक्फ होतो.

आपल्या देणग्यांची पद्धतही याला जबाबदार आहे. मीनाराच्या उंचीसाठी, झुंबरासाठी, संगमरवरासाठी पावती फाडायला लोक रांगेत उभे असतात. बायकांसाठी वजूखाना आणि शौचालय बांधायचंय म्हटलं की कमिटीचे बुजुर्ग एकमेकांकडे बघतात. मुलींसाठी अभ्यासिका म्हटलं की ‘पुढच्या मीटिंगला बघू’. शाह महमूद यांच्या काळात आझाद बिलग्रामी हा फारसी-अरबीचा मोठा विद्वान हजहून परतल्यावर याच तकियात सुमारे सात वर्षं राहिला. शाहनवाज खान १७५८मध्ये औरंगाबादेत मारला गेला आणि त्याच्या ‘मआसिर-उल-उमरा’ या चरित्रकोशाची पानं विखुरली. ती शोधून, जमवून ग्रंथ पुन्हा उभा करणारा माणूस हाच. डोक्यावर छप्पर, समोर ताट आणि लिहायला निवांतपणा, एवढं एका अभ्यासकाला खानकाहने दिलं. त्या ताटातली भाकरी कुठून आली, हा प्रश्न विचारला की आपण पुन्हा चक्कीपाशी येतो. आज मराठवाड्यातून एमपीएससी किंवा इंजिनिअरिंगसाठी शहरात आलेला मुसलमान पोरगा, आणि त्याहून जास्त पोरगी, खोली शोधत फिरते तेव्हा नाव ऐकून घरमालक दार लावतात. वक्फच्या किती जोडइमारती तेव्हा गोडाऊन म्हणून पडून असतात!

माझ्या मित्राला मी हेच म्हणालो की चक्की आणि वक्फची लढाई वेगळ्या नाहीत. कोर्टात लढणारे लढोत. आपण, ज्यांना मोबाईल, नकाशे आणि स्प्रेडशीट येतात, त्यांनी वेगळं काम घ्यावं. आपल्या गावातल्या एका जुन्या वास्तूची, आणि मुद्दाम तिच्या मागच्या बाजूची, पूर्ण नोंद करावी. लांबी-रुंदी, चारही बाजूंचे फोटो, ठिकाणा, सध्या कोण वापरतं, भाडं किती, कधीपासून. जुना फारसी किंवा मोडी कागद मिळाला तर तो फ्रेम करून भिंतीवर लावू नका. आधी स्कॅन करा, मग वाचणारा शोधा. मोडी वाचायचे वर्ग महाराष्ट्रात चालतात आणि त्यात मुसलमान नावं क्वचित दिसतात. निजामाच्या राज्यातले वक्फ कागद वाचायला उर्दू आणि थोडी फारसी लागते. ती घरात असलेली पोरं अजून आहेत, दहा वर्षांनी असतीलच असं नाही. वक्फ मंडळ माहिती अधिकाराच्या कक्षेत येतं. आपल्या गावच्या मालमत्तेची यादी मागवायला दहा रुपये लागतात. यादी आली की प्रत्यक्ष जागेशी ताडून बघा. काय वगळलं गेलंय ते तिथेच कळेल.

पाणचक्कीपुरतं बोलायचं तर पहिलं काम नहरीचं. हौद, चक्की, मजार यांचे फोटो लाखांनी पडले आहेत. हर्सूलपासून खामपर्यंतचे सगळे बंब एकापाठोपाठ एक, क्रमांक घालून, कोणता उभा आहे, कोणता अर्धा पडला, कोणाच्या कंपाउंडमध्ये गेला, असं मोबाईलवर नोंदवायला चार जणांना तीन-चार रविवार पुरतील. त्या चौघांत एखादी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी असावी, एखादा प्लंबर असावा, आणि वाटेतल्या गल्ल्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला कोणीतरी मराठी-दखनी दोन्ही नीट बोलणारं. त्या वस्त्यांत हिंदू, मुसलमान, बौद्ध सगळेच राहतात आणि पाण्याच्या आठवणी सगळ्यांकडे असतात. उन्हाळ्याचं ऊन टाळा. पावसाळा संपला, गवत वाळलं की निघा, तेव्हा बंब लांबूनही दिसतात.